सेवा संपताना

मराठी माणूस घराबाहेर पडताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. इंग्रजीतला ‘गुड-बाय’ हा शब्दही ‘देव तुमच्यासोबत असो’ अशा अर्थाच्या एका जुन्या वाक्याचे झिजलेले रूप आहे. म्हणजे जाण्याचा स्पष्ट उच्चार दोन्ही भाषांनी टाळला आहे. परंतु माणसाच्या आयुष्यात असेही निरोप येतात की तिथे ‘येतो’ हा शब्द प्रामाणिकपणे उच्चारता येत नाही. अशाच एका निरोपाविषयी आज विचार करावयाचा आहे.

अमेरिकेत एक धर्मपंथ आहे. जग त्याला ‘मॉर्मन’ म्हणते. त्याचे स्वतःचे नाव मोठे आहे, ‘येशू ख्रिस्ताचे उत्तरकालीन संतांचे चर्च’. जोसेफ स्मिथ याने 6 एप्रिल 1830 रोजी न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. त्याचे मुख्य ठाणे आज युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे असून सभासद 1 कोटी 70 लाखांहून अधिक आहेत. ह्या पंथात गावपातळीवर पगारी पुरोहित नाही. शिक्षक, सुतार, कारकून असे लोक आपापला धंदा सांभाळून मंडळी चालवतात. तरुण मुलगे दोन वर्षे व मुली दीड वर्ष प्रचारासाठी बाहेर पडतात, हे पुष्कळांनी ऐकले असेल. पण त्याच पंथात वयस्कर जोडपीही बाहेर पडतात, हे फारसे ठाऊक नसते.

मुले हाताशी आली, नोकरी संपली, प्रकृती ठीक आहे, अशी नवराबायको अर्ज करतात. पंथाच्या अध्यक्षांकडून नेमणुकीचे पत्र येते. मुदत सहा, बारा, अठरा किंवा तेवीस महिन्यांची असते. तरुणांनी कुठे जायचे ते वरून ठरते. वृद्धांना आपली पसंती कळवता येते. दारोदार हिंडण्याची सक्ती त्यांच्यावर नसते. कोणी कचेरीचे हिशेब ठेवतात, कोणी पिण्याच्या पाण्याच्या किंवा चाकाच्या खुर्च्यांच्या मदतकार्यात राबतात, कोणी दूरच्या लहानशा मंडळीला हात देतात. छातीवर नावाची काळी पट्टी असते. वेतन नाही; उलट खर्च मुख्यतः स्वतःच्या खिशातून करावयाचा.

आपल्याकडील कोणालाही येथे वानप्रस्थाची आठवण होईल. साम्य आहे, पण ते पुरते नाही. वानप्रस्थाश्रमात माणूस संसारातून हळूहळू सुटत जातो. ही जोडपी उतारवयात एक नवा संसार मांडतात, परक्या गावात, परक्या भाषेत, आणि दीड वर्षाने तो मोडून परततात.

या मंडळींना तीन निरोप घ्यावे लागतात. पहिला घरातून निघतानाचा. त्यात नातवंडांचे रडणे असते, एखाद्या थकलेल्या आईची काळजी असते. परंतु परतीचा महिना ठाऊक असतो. येथे ‘येतो’ म्हणता येते. पूर्वी हाच निरोप फार कठीण होता. 1839 च्या सप्टेंबरात ब्रिगॅम यंग व हीबर किंबॉल हे दोघे इंग्लंडला निघाले, तेव्हा ते स्वतः तापाने खंगलेले होते आणि घरी आजारी बायका व तान्ही मुले होती. थोडे अंतर गेल्यावर त्यांनी गाडी थांबवली आणि मागे राहिलेल्यांना धीर यावा म्हणून उभे राहून मोठ्याने जयघोष केला. ते परतले 1841 मध्ये. दीड-पावणेदोन वर्षे त्या बायकांनी घर कसे चालवले असेल, याचा हिशेब त्या जयघोषात नाही. आज जोडपे एकत्र जाते. ही सुधारणा आम्हाला मोठी वाटते.

दुसरा निरोप सेवेच्या गावाचा. रविवारच्या सभेत जाणाऱ्या जोडप्याला बोलायला सांगतात. जेवणे होतात, फोटो निघतात. निरोपाचे एक प्रसिद्ध भजनही पुष्कळदा म्हणतात. गंमत अशी की ते या पंथाच्या माणसाने लिहिलेले नाही. वॉशिंग्टनमधील दुसऱ्या एका पंथाचे धर्मोपदेशक जेरेमाया रँकिन यांनी ‘गुड-बाय’ या शब्दाचा मूळ अर्थ मनात धरून ते 1880 च्या सुमारास रचले. निरोपापुरती पंथांची कुंपणे खाली येतात, असे म्हणावयास हरकत नाही.

खरी परीक्षा या दुसऱ्या निरोपाची. साठी-सत्तरीतले माणूस समुद्रापलीकडच्या खेड्याला ‘पुन्हा भेटू’ म्हणते, तेव्हा ते घडण्याचा संभव थोडा असतो, आणि हे दोन्ही बाजूंना कळत असते. म्हणून शहाणी जोडपी खोटी वचने देत नाहीत. ज्याला शिकवले त्याच्या हाती किल्ल्या, हिशेबाची वही व कामांची यादी देतात आणि शेवटचे काही आठवडे मुद्दाम मागच्या बाकावर बसतात.

हे आम्हाला विशेष पटते, कारण आमचे आयुष्य कामगार संघटनेत गेले. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात जास्त झाले; पण शाखा उभी करणे आणि सोडून जाणे या दोन्ही गोष्टी आम्ही जवळून पाहिल्या आहेत. संघटकाची बदली झाली आणि महिन्याभरात शाखेला कुलूप लागले, तर ती शाखा नव्हतीच. तो एका माणसाचा दरबार होता. वर्गणीची वही गावात राहिली, सभा ठरल्या वारी भरली, तर काम झाले असे समजावे. निरोपाच्या हारांवरून काही कळत नाही. सहा महिन्यांनी कळते.

या दृष्टीने आपल्या भूमीवरील दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. याच पंथाचे ह्यू फिंडले 1852 मध्ये मुंबईस आले. पुढे पुण्यातही त्यांनी छोटी मंडळी जमवली. काही वर्षांत ते परत गेले आणि येथे त्या कामाची मुळे धरली नाहीत. दुसऱ्या पंथाचे डॉ. विल्यम वॉनलेस 1889 मध्ये भारतात आले, 1894 मध्ये त्यांनी मिरजेस रुग्णालय सुरू केले, येथील तरुणांना वैद्यक शिकवले आणि 1928 मध्ये निवृत्त होऊन परतले. त्यांच्यामागे रुग्णालय चालू राहिले. फरक नुसता वर्षांचा नाही. मागे शिकलेले हात राहिले की नाही, हा आहे.

तिसरा निरोप सर्वांत लहान असतो. घरी पोहोचल्यावर जोडपे आपल्या विभागाच्या अध्यक्षांना भेटते, कामाचे निवेदन करते, आणि ते त्यांना सेवेतून रीतसर मुक्त करतात. तोपर्यंत छातीवरची पट्टी काढीत नाहीत. ती काढली की माणूस पुन्हा शेजारचे आजोबा, शेजारच्या आजी. काल ज्यांच्या शब्दाची वाट पाहणारे लोक होते, त्यांनी आज भाजी आणावयाची. पदावरून उतरण्याचा असा एक ठराविक क्षण असणे चांगले. आपल्या सार्वजनिक संस्थांत पट्टी निघते, पण माणूस खुर्चीच्या मागे उभाच राहतो.

आता एक प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. ही फुकट सेवा कशाच्या बळावर उभी आहे? श्रद्धेच्या, हे खरेच. पण तिच्याखाली निवृत्तिवेतनाचा पाया आहे. अमेरिकेत 1935 मध्ये सामाजिक सुरक्षेचा कायदा झाला, आणि म्हातारपणी दरमहा काही रक्कम हाती येईल हा भरवसा कामकऱ्यालाही मिळू लागला. आपल्याकडे भविष्यनिर्वाह निधीचा कायदा 1952 चा आणि त्याखालील निवृत्तिवेतन योजना 1995 ची. आणि असंघटित कामगारांचा फार मोठा वर्ग दोहोंच्या बाहेर. निवृत्तिवेतन म्हणजे मालकाची कृपा नव्हे, ते उशिरा हाती आलेले वेतन आहे. ते ज्याला मिळत नाही, त्या हमालाच्या मनात कितीही सेवाभाव असला तरी सत्तराव्या वर्षी तो पाठीवर पोतेच उचलणार. त्याला निरोप घ्यावयाला फुरसत कोठली?

धर्मप्रचाराविषयी मतभेद असतील, आमचेही आहेत. परका माणूस पैसा आणि पुस्तक घेऊन गरिबाच्या दारी येतो, तेव्हा दोघांची ताकद सारखी नसते, हे विसरून चालणार नाही. म्हणूनच त्याचे जाणे कसे होते, हे पाहिले पाहिजे. गाव त्याच्यावाचून उभे राहावे अशा बेताने जो वागला, त्याने सेवा केली. गावाला आपली सवय लावून जो गेला, त्याने गावावर कर्ज ठेवले.

आपल्यापैकी पुष्कळजण आता सेवानिवृत्तीच्या वयाला आले आहेत. परदेशी जाण्याची गरज नाही. शेजारच्या वस्तीतील रात्रशाळा, वाचनालय, रुग्णालयातील मदतकक्ष यांना माणसे हवी आहेत. नवराबायकोने मिळून वर्षभराचे काम पत्करावे, मुदत आरंभीच सांगावी, आणि पहिल्याच आठवड्यात आपल्यानंतर किल्ली घेणारा कोण, त्याचा शोध सुरू करावा.