ट्रान्झिस्टर स्विच परिपथाचे सदृशीकरण

ट्रान्झिस्टर स्विच परिपथाचे सदृशीकरण म्हणजे स्विच म्हणून वापरलेल्या ट्रान्झिस्टरचे वर्तन गणिती प्रतिरूपाच्या साहाय्याने संगणकावर काढणे होय. यालाच सिम्युलेशन असेही म्हणतात. अभियांत्रिकीच्या अभ्यासात या पद्धतीने मिळालेल्या किमती प्रयोगशाळेतील मोजमापांशी ताडून पाहिल्या जातात.

साधने

परिपथांच्या सदृशीकरणासाठी प्रचलित असलेला स्पाइस हा संगणक कार्यक्रम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत लॉरेन्स नेगल व डोनाल्ड पेडरसन यांनी विकसित केला आणि तो १९७३ मध्ये मांडला गेला. द्विध्रुवी ट्रान्झिस्टरसाठी त्यात गमेल-पून हे १९७० मधील प्रतिरूप वापरले जाते. महाराष्ट्रात पवई, मुंबई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या फॉसी प्रकल्पाने ई-सिम ही मुक्त स्रोत प्रणाली तयार केली आहे. तिचे आधीचे नाव ऑस्कॅड असे होते. आकृती काढण्यासाठी कायकॅड व सदृशीकरणासाठी एनजीस्पाइस या मुक्त प्रणालींचा तीत उपयोग केला असून ती विनामूल्य उपलब्ध आहे.

कार्यतत्त्व

बेसमधून पुरेशी धारा वाहिल्यास ट्रान्झिस्टर संपृक्त अवस्थेत जातो व स्विच 'चालू' होतो. या वेळी कलेक्टर व एमिटर यांमधील विभवांतर सुमारे ०.२ व्होल्ट किंवा त्याहून कमी असते. बेसची धारा थांबल्यास स्विच 'बंद' होतो. कलेक्टर व बेस यांच्या धारांच्या गुणोत्तरास धारालाभ म्हणतात.

उदाहरण

५ व्होल्टचा पुरवठा, कलेक्टरला १ किलोओहमचा व बेसला २२० किलोओहमचा रोध आणि बीसी ५४७ हा ट्रान्झिस्टर असा परिपथ घेऊ. बेसला ५ व्होल्ट दिल्यास बेसची धारा सुमारे (५ − ०.७) ÷ २२० किलोओहम, म्हणजे ०.०१९५ मिलीअँपिअर येते. संपृक्ततेसाठी कलेक्टरमधून सुमारे ४.८ मिलीअँपिअर धारा वाहणे आवश्यक असते. प्रतिरूपात धारालाभ ३०० असल्यास ५.९ मिलीअँपिअरपर्यंत धारा वाहू शकते, म्हणून संगणकावर स्विच पूर्णपणे चालू दिसतो. मात्र बीसी ५४७ चा धारालाभ नगानुसार ११० ते ८०० असू शकतो. हाती आलेल्या नगाचा धारालाभ ११० असल्यास कलेक्टरची धारा केवळ २.१ मिलीअँपिअर होते आणि मापकावर सुमारे २.९ व्होल्ट दिसतात. हा स्विच धड चालूही नसतो आणि बंदही नसतो. शिवाय अशा अवस्थेत ट्रान्झिस्टर अधिक तापतो.

बेसचा रोध १० किलोओहम ठेवल्यास बेसची धारा ०.४३ मिलीअँपिअर होते. ही धारा कमीत कमी धारालाभाच्या नगासही पुरेशी असल्याने सदृशीकरण व मोजमाप जुळतात. कलेक्टरच्या धारेच्या सुमारे एकदशांश धारा बेसला देण्याचा प्रघात याच कारणाने पडला आहे.

तफावतीची इतर कारणे

* रोधांच्या किमती छापील किमतीपेक्षा सामान्यतः ५ टक्क्यांपर्यंत कमीअधिक असतात.
* एनजीस्पाइसमध्ये तापमान २७ अंश सेल्सिअस गृहीत असते. बेस-एमिटर विभवांतर दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटते. मराठवाड्यातील उन्हाळ्यात खोलीचे तापमान ४२ अंश असल्यास हा फरक सुमारे ३० मिलिव्होल्ट होतो.
* संपृक्त ट्रान्झिस्टरच्या बेसमध्ये साठलेला विद्युतभार निघून जाईपर्यंत स्विच बंद होत नाही. प्रतिरूपातील संबंधित प्राचल अचूक नसल्यास हा विलंब चुकीचा येतो.
* दोलनदर्शकाच्या शलाकेची धारिता परिपथात मिसळते. १०० पिकोफॅरड धारिता व १ किलोओहम रोध यांमुळे सुमारे १०० नॅनोसेकंदांचा कालस्थिरांक निर्माण होतो.

तुलनेची पद्धत

प्रथम वापरावयाच्या नगाचा धारालाभ व रोधांच्या प्रत्यक्ष किमती मोजून त्या प्रतिरूपात भरतात, तसेच शलाकेची धारिता आकृतीत दाखवतात. त्यानंतरही उरलेली तफावत जोडणीतील चूक किंवा प्रतिरूपाची मर्यादा दर्शवते. एकाच नगाशी जुळलेले सदृशीकरण रचनेच्या विश्वासार्हतेचा पुरावा ठरत नाही. त्यासाठी धारालाभाच्या किमान व कमाल अशा दोन्ही किमतींवर परिपथ तपासावा लागतो.