कॅटामरान, काल्डेरा आणि आपला काळा कातळ

सॅन्टोरिनी म्हणजे नुसते निळे घुमट आणि फोटो, असं वाटतंय? मग हे ग्रीक बेट एकदा पाण्यावरून बघाच! दोन नावा जोडल्यासारखी दिसणारी कॅटामरान बुक करा (शब्द आपल्याकडचाच, तमीळ ‘कट्टुमरम’वरून आलेला). प्रायव्हेट बोट खिशाला जड जाते, पण सात-आठ जणांनी कॉन्ट्री काढली की जमतं. पाचेक तासांची सफर: रेड बीच, व्हाइट बीच, मग ज्वालामुखीलगतच्या कोमट झऱ्यांत डुबकी. टिप: स्विमसूट जुनाच घाला, लोहयुक्त पाण्याचे तांबूस डाग सहज जात नाहीत. बोटीवरच ग्रिल्ड जेवण आणि सूर्यास्त. एकदम झकास!

मी महाडकडचा, त्यामुळे माझी नजर कड्यांवरच. सुमारे ३६०० वर्षांपूर्वीच्या स्फोटात बेटाचा मधला भाग खचला आणि समुद्र आत शिरला. तोच हा काल्डेरा. आपला सह्याद्रीही लाव्हाचाच, फक्त साडेसहा कोटी वर्षं जुना. दोन्हीकडे देखणेपणा उभ्या कड्यांचा, आणि धोकाही त्यांचाच. रेड बीचवर दगड कोसळतात, म्हणून तो बोटीतूनच बघावा. २०२५च्या फेब्रुवारीत भूकंपाचे धक्के थांबेनात, तेव्हा हजारो लोकांनी बेट सोडलं. महाडच्या तळीयेत २२ जुलै २०२१ला, धो धो पावसात, दरड वाडीवर आली. ८०हून अधिक माणसं गेली.

तेव्हा पावसाळी वीकेण्डला ‘वरंधा घाट बंद’ अशी पाटी दिसली, तर ‘चल रे, काही होत नाही’ म्हणू नका. गुपचूप गाडी वळवा.