मदत येईपर्यंत

अंटार्क्टिकाच्या बर्फात, शिरमाकर नावाच्या खडकाळ पट्ट्यावर आपल्या देशाचं एक घर आहे. ‘मैत्री’ त्याचं नाव. दर वर्षी वीस-पंचवीस भारतीय माणसं तिथे अख्खा हिवाळा काढतात. त्यांत हवामान खात्याचा माणूस असतो, पनवेलच्या भूचुंबकत्व संस्थेतला शास्त्रज्ञ असतो, स्वयंपाकी असतो, जनरेटर सांभाळणारा मेकॅनिक असतो आणि अर्थातच डॉक्टर असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तिथला उन्हाळा. त्या दिवसांत केपटाउनहून विमानं येतात, जहाज येतं. मार्चनंतर मात्र दार बंद! पुढे सुमारे दोन महिने तर सूर्यही उगवत नाही. अशा वेळी कुणाच्या पोटात कळ उठली, कुणाचा पाय मोडला, कुणाच्या छातीत दुखू लागलं, तर काय करायचं? जे करायचं ते घरातल्या माणसांनीच करायचं.

मी लवळ्याला राहणारा एक साधा फॅमिली डॉक्टर. बर्फ पाहिला तो फ्रीजमधला, आणि फार तर मनालीचा. तरीही ध्रुवावरच्या आजारपणांच्या हकिकती वाचण्याचा मला छंद आहे. औषधशास्त्राची मोठमोठी पुस्तकं जे शिकवत नाहीत ते या हकिकती शिकवतात, असं माझं मत होत चाललं आहे.

त्यातली सर्वांत नवलाची हकिकत आपल्या ‘मैत्री’च्या शेजारीच घडलेली आहे. ‘मैत्री’पासून चार-पाच किलोमीटरवर नोवोलाझारेव्हस्काया हे रशियनांचं केंद्र आहे. ते सुरू झालं १९६१ च्या जानेवारीत. पहिल्याच हिवाळ्यात, २९ एप्रिलला सकाळी, तिथला तरुण डॉक्टर लिओनिद रोगोझोव आजारी पडला. वय २७. ताप, मळमळ, आणि पोटात उजवीकडे दुखणं. निदान करायला दुसऱ्या डॉक्टरची गरजच नव्हती. अपेंडिक्स! पण ऑपरेशन करायला दुसरा डॉक्टर हवा होता, आणि तो नव्हता. दुसरं सोव्हिएत केंद्र हजार मैलांहूनही लांब. बाहेर वादळ घोंगावत होतं. विमान उतरणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रात्री रोगोझोवनं स्वतःच्या हातानं स्वतःचं पोट उघडलं. भूल दिली ती फक्त पोटाच्या कातडीला आणि खालच्या थरांना. अर्धवट टेकून बसलेल्या अवस्थेत, समोर धरलेल्या आरशात पाहत त्यानं काम सुरू केलं. पण आरशात सगळं उलटं दिसतं. शेवटी हातमोजे न घालता, बोटांनी चाचपतच तो पुढे गेला. ग्लानी येऊ लागली तेव्हा दर चार-पाच मिनिटांनी काही सेकंद विसावा घेत राहिला. पावणेदोन तासांनी शेवटचा टाका पडला. काढलेलं अपेंडिक्स बुडाशी काळं पडलं होतं. आणखी एखादा दिवस गेला असता तर ते फुटलंच असतं. दोन आठवड्यांनी रोगोझोव पुन्हा कामावर होता.

ही गोष्ट जगभर सांगितली जाते ती एका माणसाच्या धैर्याची म्हणून. ती तशी आहेच. पण मला तीत आणखी तीन माणसं दिसतात. हत्यारं हातात देणारा आणि जखम ओढून धरणारा आर्तेमेव. तो हवामानतज्ज्ञ होता. आरसा आणि दिवा धरणारा तेप्लिन्स्की, तो ड्रायव्हर-मेकॅनिक. आणि या दोघांपैकी कुणाला भोवळ आलीच तर त्याची जागा घ्यायला उभा असलेला केंद्रप्रमुख गेर्बोविच. ऑपरेशनआधी रोगोझोवनं तिघांना हात धुण्यापासून सगळं शिकवलं. कोणतं हत्यार केव्हा द्यायचं, आपली शुद्ध हरपली तर कोणतं इंजेक्शन द्यायचं, श्वास कसा चालू ठेवायचा, हेही समजावलं. रक्त पाहण्याची सवय नसलेली ही माणसं त्या रात्री पांढरीफटक पडली होती म्हणतात. पण जागची हलली नाहीत. ती नसती तर आरसा कुणी धरला असता?

याच कारणानं ध्रुवावर जाणाऱ्या देशांनी पुढे या ‘आरसा धरणाऱ्यां’ची तयारी मनावर घेतली. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण पाहा. १९५० साली त्यांच्या हर्ड बेटावर खुद्द डॉक्टरलाच अपेंडिक्सचा त्रास सुरू झाला आणि त्याला आणायला युद्धनौका धाडावी लागली. तेव्हापासून तिथे हिवाळा काढणाऱ्या डॉक्टरचं अपेंडिक्स निघण्याआधीच काढून टाकण्याचा रिवाज पडला. पण ते तिथेच थांबले नाहीत. केंद्रावर डॉक्टर एकच. म्हणून दरवर्षी जाणाऱ्यांपैकी काही जणांना होबार्टच्या मोठ्या रुग्णालयात दोन आठवडे पाठवतात. आचारी, सुतार, प्लंबर, इलेक्ट्रिशियन असे हे लोक! निर्जंतुक कपडे कसे घालायचे, हत्यारं कशी मांडायची, भूल दिलेल्या रुग्णावर नजर कशी ठेवायची, हे ते शिकून येतात. आपल्याकडेही निवडलेल्यांची दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये कसून तपासणी होते आणि मग हिमालयात औलीला बर्फातलं शिक्षण दिलं जातं.

आणि शिकवायची वेळ कधी येईल याचा नेम नसतो. १९९९ साली खुद्द दक्षिण ध्रुवावरच्या अमेरिकन केंद्रातल्या एकुलत्या एक डॉक्टर जेरी निल्सन यांना स्वतःच्या स्तनात गाठ लागली. बाहेर हिवाळा, विमान अशक्य. गाठीतल्या पेशी सुईनं काढायच्या होत्या. मदतीला घेतली ती डॉक्टर नसलेली माणसं; त्यांत एक वेल्डर होता. पेशींची छायाचित्रं उपग्रहामार्फत अमेरिकेला गेली. जुलैच्या मिट्ट काळोखात एका विमानानं वरूनच औषधं टाकली, आणि निल्सनबाईंनी सहकाऱ्यांच्या मदतीनं स्वतःवरच कर्करोगाचे उपचार सुरू केले. ऑक्टोबरात विमान उतरू शकलं, तेव्हा त्या मायदेशी परतल्या. त्यानंतर त्या जवळजवळ दहा वर्षं जगल्या.

आता तुम्ही म्हणाल, डॉक्टरसाहेब, कुठे दक्षिण ध्रुव आणि कुठे मुळशी तालुका! हाच प्रश्न मला आमच्या गावात एकदा विचारला गेला.

लवळे म्हणजे काही आडगाव राहिलेलं नाही. पुण्याहून सूस, नांदेमार्गे गाडी आली की टेकडीवर विद्यापीठाच्या इमारती दिसतात. सिंबायोसिसचं मोठं रुग्णालय आता लवळ्यातच आहे. ताम्हिणीकडच्या वाड्यांतून झोळीत घालून आणलेले रुग्ण मी पूर्वी पाहिले आहेत. त्या मानानं आम्ही भाग्यवान. तर गावातल्या देवळाच्या सभामंडपात आम्ही प्रथमोपचाराचा एक वर्ग घेतला होता. बचत गटातल्या बायका, तरुण मंडळाची मुलं, आणि खांबाला टेकून बसलेले चार-दोन आजोबा. हृदय बंद पडलं तर छाती कशी दाबायची हे मी उशीवर दाखवत होतो. तेवढ्यात एक आजोबा म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आता रस्ता झाला, हाकेवर दवाखाना आला. १०८ ला फोन केला की गाडी येती. आमी कशाला मधी पडायचं? बरगडी मोडली म्हंजी?”

सभामंडपात हशा पिकला. पण प्रश्न खरा होता, आणि तो आजोबांचा एकट्याचा नव्हता. मी म्हटलं, “आजोबा, बरगडी मोडली तर सांधते. पण हृदय थांबल्यावर मेंदूला चार ते सहा मिनिटं रक्त मिळालं नाही, तर तो सांधत नाही. गाडी कितीही वेगानं आली तरी चार मिनिटांत येईल?”

आजोबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हंजी तवर आमीच डॉक्टर!”

अगदी बरोबर! ध्रुवावर मदत यायला आठ महिने लागतात, लवळ्यात वीस मिनिटं, आणि पुण्यात डेक्कनवर कदाचित दहा. पण त्या पहिल्या चार मिनिटांपुरतं आपलं प्रत्येकाचं घर म्हणजे अंटार्क्टिकाच आहे. तिथे जे कुणी शेजारी असेल, तेच आपलं वैद्यकीय पथक. सून, नातू, वॉचमन, समोरच्या फ्लॅटमधल्या काकू. फरक एवढाच, की ध्रुवावर जाणारे हे आधी मान्य करतात आणि शिकून जातात. आपण मात्र जवळ दवाखाना आहे या भरवशावर काहीच शिकत नाही.

दुसरी गोष्ट लपवण्याची. रोगोझोवनं पहिल्या दिवशी आपलं दुखणं कुणालाच सांगितलं नव्हतं. मित्र घाबरतील म्हणून तो हसतमुख राहिला. त्याच्या हातात निदान निदान होतं. आपल्याकडचे कर्ते पुरुष छातीत दुखत असताना “काही नाही गं, गॅस झालाय,” असं म्हणून सोडा पितात आणि कूस बदलून झोपतात! आणि बायका तर घरातल्या कार्याचा नारळ वाढवून होईपर्यंत ब्र काढत नाहीत. चालल्यावर छाती भरून येणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाणं, दरदरून घाम सुटणं, एकाएकी तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एक हात लुळा पडणं, ही त्याच मिनिटाला सांगायची दुखणी आहेत. आजार लवकर सांगणं हा भित्रेपणा नव्हे.

तिसरी गोष्ट अधिक दुःखद आहे. १९९० साली आपल्या नवव्या मोहिमेतले चौघे जण ‘मैत्री’पासून दूर डोंगराळ भागातल्या तळावर कार्बन मोनॉक्साइड वायूनं दगावले. या वायूला ना वास, ना रंग. इंधन बंद जागेत जळत राहिलं की तो साठतो, रक्तातली प्राणवायूची जागा बळकावतो आणि माणसाला झोपेतच नेतो. तिथे उपचाराची वेळच आली नाही. पण हा वायू ओळखायला अंटार्क्टिकाला जायला नको. खिडकी नसलेल्या न्हाणीघरातला गॅस गिझर, थंडीत दारं लावून खोलीत ठेवलेली कोळशाची शेगडी, बंद गॅरेजमध्ये चालू ठेवलेली गाडी, या सगळ्यांतून तोच वायू येतो. अंघोळीला गेलेल्याला गरगरलं, डोकं दुखू लागलं, की दार उघडून आधी त्याला मोकळ्या हवेत आणायचं आणि गिझर बंद करायचा. मग फोन.

त्या दिवशी सभामंडपात जे शिकवलं ते इथेही सांगतो. माणूस कोसळला, हाक मारून, हलवून जागा होत नाही, श्वास नीट नाही, तर एकानं १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्यानं लगेच छाती दाबायला घ्यावी. माणूस कडक जमिनीवर उताणा. छातीच्या मधोमध एक तळवा, त्यावर दुसरा. कोपर ताठ. दोन इंच खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. दर दाबानंतर छाती पुरती वर येऊ द्यावी. थकलात की दुसऱ्यानं हात लावावा, पण खंड पडू नये. हे वाचून येत नाही. जवळच्या रुग्णालयात किंवा रेडक्रॉसच्या वर्गात एकदा हातानं करून पाहावं लागतं. त्याला एक दुपार पुरते.

वर्गाच्या शेवटी बचत गटातल्या एका ताईंनी उशीवर सलग दोन मिनिटं दाब दिले. घामाघूम झाल्या. पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या, “भाकरी थापण्यापरीस जड हाये, पण जमंल.” मग त्यांनी प्रश्न विचारणाऱ्या त्या आजोबांनाच पुढे बोलावलं आणि त्यांचे हात धरून त्यांना उशीवर नीट ठेवून दाखवले.