नवा कॉम्प्युटर डोमेनमध्ये का शिरत नाही?

ईदच्या ऑर्डरी भरण्याच्या ऐन दिवसांत आम्ही मानखुर्दच्या गाळ्यात बिलांसाठी नवा कॉम्प्युटर आणला. भिवंडीचा टेम्पो दारात उभा, आणि मशीन म्हणते, डोमेन कंट्रोलरशी संपर्क होत नाही! दुरुस्तीवाल्याने दोनदा विंडोज नव्याने भरली, दोनदा पैसे घेतले. मसला जागच्या जागी. आम्ही कापडातली माणसे, पण त्या दोन दिवसांत जे शिकलो ते व्यापारी बांधवांच्या कामी यावे म्हणून लिहितो.

डोमेन म्हणजे पेढीचा एकच हजेरीपट. कोण कामाला आहे, कोणाला कोणती वही उघडता येते, हे सर्व्हरवर लिहिलेले असते. मायक्रोसॉफ्टची ही व्यवस्था 2000 सालापासून ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ नावाने चालते. नवे मशीन या पटावर चढताना आधी सर्व्हरचा पत्ता विचारते. ज्याला विचारायचे तो डीएनएस. बहुतेक वेळा घोटाळा इथेच होतो.

आमच्या मशीनला डीएनएसचा पत्ता इंटरनेटच्या राउटरकडून आपोआप मिळत होता. त्या डीएनएसला जगाचे पत्ते ठाऊक, आमच्या पेढीचे नाव मात्र त्याच्या गावीही नाही. म्हणून इंटरनेट झकास चाले आणि डोमेन सापडेना. विंडोज कितीदा भरली तरी राउटर पुन्हा तोच पत्ता देणार! ‘आयपीकॉन्फिग ऑल’ हा हुकूम दिला की डीएनएसचा आकडा दिसतो. तिथे आपल्या सर्व्हरचा पत्ता हवा. ‘दुसरा असू द्या’ म्हणून बाहेरचा डीएनएस जोडीला ठेवू नये. मशीन कधी त्यालाच विचारत बसते आणि दुखणे अधूनमधून उपटते.

घड्याळही पाहावे. सर्व्हर आणि मशीन यांच्या वेळेत पाच मिनिटांहून जास्त फरक पडला की ओळखपरेड अडू शकते. मदरबोर्डवरचा सेल उतरला, वीज गेली, की घड्याळ मागे पडते. कधी काटे बरोबर दिसतात, पण टाइम झोन परदेशचा असतो.

खरेदी करतानाच विचारावे: विंडोज ‘होम’ की ‘प्रो’? होम डोमेनला जोडता येतच नाही. स्वस्त मिळाले म्हणून होम घेतले, तर प्रोचा परवाना वेगळा घ्यावा लागतो. मात्र त्यासाठी मशीन पुसावे लागत नाही.

जुन्या मशीनचेच नाव नव्याला देणाऱ्यांनी सांभाळावे. ऑक्टोबर 2022 च्या अपडेटपासून, ज्याने जुने खाते उघडले त्याच्याऐवजी दुसऱ्याच्या पासवर्डने जोडायला गेल्यास जोडणी नाकारली जाऊ शकते. नवे नाव दिले की काम होते.

आणखी एक. चालू मशीन डोमेनमधून काढून पुन्हा जोडायचे असेल, तर त्या मशीनचा स्वतःचा ॲडमिन पासवर्ड आधी चालतो का ते पाहून घ्यावे. आम्ही पाहिला नव्हता, आणि ती संध्याकाळ हातानेच बिले लिहिण्यात गेली.