सह्याद्रीची भट्टी

गड चढताना दम लागला की आपण ज्या काळ्या कातळाला टेकतो, तो एकेकाळी वाहत होता. हे शाळेत शिकवलेलं असतं. आपण मान डोलावतो आणि विसरून जातो. पण तो कातळ जिथून वर आला, ती भट्टी अजून पेटलेली आहे, हे फारसं कोणी सांगत नाही. हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला रेयुनियाँ नावाचं फ्रेंच बेट आहे. त्याच्या पोटात ती धगधगतेय, आणि तिथल्या राष्ट्रीय उद्यानातून थेट तिच्या अंगणात पायी जाता येतं.

ज्वालामुखीचं नावच पितों द ला फुर्नेझ, म्हणजे भट्टीचं शिखर. उंची २,६३२ मीटर. आपल्या कळसूबाईवर आणखी जवळजवळ हजार मीटर चढवा. सतराव्या शतकापासून इथले दीडशेहून जास्त उद्रेक नोंदले गेलेत. अशा डोंगरासकट बेटाचा सुमारे ४२ टक्के भाग २००७ साली राष्ट्रीय उद्यान झाला आणि २०१० साली जागतिक वारसा.

इथे जायचं तर पहाटे उठायचं, कारण दिवस वर आला की ढग येतात आणि सगळं पुसून टाकतात. गाडी गायरानं मागे टाकत चढते आणि एका वळणावर हिरवा रंग संपतो. समोर प्लेन दे साब्ल, तांबूस खड्याचं उजाड पठार. ते ओलांडलं की रस्ता एका कड्यावर थांबतो. खाली काही किलोमीटर रुंदीचं खोलगट मैदान, त्याच्या मध्यावर भट्टीचा शंकू. कड्यावरून पायऱ्यांनी खाली उतरलं की पहिल्यांदा भेटते ती फोर्मिका लेओ, एक बुटकी लालसर टेकडी. वाळूत नरसाळ्यासारखा खड्डा करून मुंग्या पकडणारा किडा असतो ना, त्याचं हे नाव. टेकडीच्या माथ्यावरचा खळगा बघितला की ते नाव पटतं.

पुढे मातीची पायवाट नाही. खडकावर पांढऱ्या रंगाचे ठिपके मारलेत, एकावरून दुसऱ्याकडे जायचं. इथे मान वर ठेवण्यापेक्षा खाली घालावी, असं माझं मत. एका ठिकाणी खडक गुळगुळीत, त्यावर दोरखंडासारख्या वळ्या. तापलेल्या दुधावरची साय चमच्याने सरकवली की ती जशी गोळा होते, अगदी तशा: वरचा पापुद्रा थिजला, खालचा रस वाहत राहिला आणि पापुद्र्याला चुण्या पडल्या. चार पावलांवर दुसराच प्रकार, काटेरी, ठिसूळ ढेकळांचा ढीग. पडलात तर तळहात सोलून निघेल. याला तिथले लोक ‘ग्रातों’ म्हणतात, आणि डुकराच्या कुरकुरीत तळलेल्या चरबीलाही हाच शब्द. खडकाचं नाव स्वयंपाकघरातून यावं, इतकं घरोब्याचं नातं आहे.

उद्रेक जवळ आला की डोंगराखाली बारीक भूकंपांची रांग लागते, डोंगर किंचित फुगतो. वेधशाळेला ते कळतं, आणि कड्यावरचं फाटक बंद होतं. मग अख्खं बेट रात्री गाड्या काढून लांबून तमाशा बघायला निघतं. भीती नसते असं नाही. एप्रिल १९७७ मध्ये लाव्हा नेहमीची हद्द सोडून पितों-सांत-रोझ गावात शिरला. गाव आधीच रिकामं केलं होतं. घरं गेली; चर्चपाशी मात्र प्रवाह दुभंगला, भिंतींना वळसा घालून गेला आणि दाराशी थिजला. आज त्या देवळाचं नावच ‘लाव्ह्याची माउली’ अशा अर्थाचं आहे. वेधशाळा उभी राहिली ती या धक्क्यानंतर, १९७९ साली. पुढे २००७ च्या एप्रिलमध्ये शिखरावरच्या विवराचा तळ तीनशे मीटरहून अधिक खचला आणि लाव्हा किनाऱ्याचा हमरस्ता गाडून समुद्रात उतरला. आता त्यावरूनच नवा रस्ता जातो. कडेला पाट्या आहेत, त्यांवर कोणता प्रवाह कोणत्या साली आला ते लिहिलेलं. नव्या पाटीमागे नुसता काळा दगड, थोड्या जुन्या पाटीमागे राखाडी दगडफूल, त्याहून जुनीमागे नेचे, मग झाडी.

आता आपला संबंध. शिलाई मशीनची सुई जागेवरच वरखाली होते, सरकतं ते कापड. इथे सुई म्हणजे पृथ्वीच्या पोटातला तप्त स्रोत आणि कापड म्हणजे भूपट्ट. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी सुईखाली आपण होतो, विषुववृत्ताच्या दक्षिणेला. तेव्हा थरावर थर लाव्हा पसरला आणि दख्खनचं पठार झालं. भारत उत्तरेकडे सरकत राहिला. मागे टाके पडत गेले, लक्षद्वीप, मालदीव, छागोस, मग मॉरिशस आणि शेवटी रेयुनियाँ. बहुतेक भूवैज्ञानिक हाच माग मानतात. एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांत राबायला मॉरिशसला गेलेली मराठी माणसं समुद्र ओलांडून परमुलखात उतरली खरी, पण पायाखाली त्याच भट्टीचा दगड होता.

मात्र आजची भट्टी त्या वेळच्या मानाने निखाराच. २००७ चा तो मोठा उद्रेक सुमारे वीस कोटी घनमीटरचा. दख्खनच्या मूळ लाव्ह्याचा अंदाज दहा लाख घनकिलोमीटरच्या घरात जातो. म्हणजे तसे पन्नास लाख उद्रेक!

ताज्या लाव्ह्याचा तुकडा हातात घेतला तर तो मधमाश्यांच्या पोळ्यासारखा सच्छिद्र असतो. वायूचे बुडबुडे निसटायच्या आत दगड थिजला, त्यांच्या या रिकाम्या खोल्या. नाशिक-पुण्याकडच्या खाणींत फोडलेल्या दगडातही अशाच खोल्या सापडतात, पण भरलेल्या. उष्ण पाणी झिरपत राहिलं आणि आत पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक वाढले. खाणकामगार ते बाजूला काढून ठेवतात. जगभरच्या संग्रहालयांत ते काचेआड मांडलेले असतात. रेयुनियाँच्या तुकड्यात बोट घातलं तर अजून नुसती धूळ लागते.