आकृती आणि नाव : रोमन व सातवाहन नाण्यांवरील राजमाता

बंगळूरमधील महादेवपुऱ्याच्या नैर्ऋत्येस हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या विमानतळ परिसरात १९६५ साली २५६ रोमन चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. यशवंतपूर येथे १८९१ मध्येच १६३ नाणी मिळाली होती. भारतातील अशा साठ्यांत ऑगस्टस व टायबेरियस या सम्राटांचे दोन छाप विपुल आढळतात. त्यांतील राजस्त्रीचे स्थान दख्खनच्या नाण्यांशी ताडून पाहिल्यास प्रतिमा आणि शब्द यांचा संबंध नव्याने तपासता येतो.

टायबेरियसच्या ‘डिनेरियस’ या नाण्याच्या मागील बाजूस राजदंड व डहाळी धारण केलेली आसनस्थ स्त्री आहे. ती सम्राटाची माता लिव्हिया असावी, असे अनेक अभ्यासक मानतात; तथापि तिच्याभोवतीचा लेख ‘महापुरोहित’ हे सम्राटाचेच पद सांगतो. तिला आकृती लाभते, पण नाव लाभत नाही. ऑगस्टसच्या छापावर गायस व लुसियस हे त्याचे नातू ढाली-भाल्यांसह उभे आहेत. आजोबांनी दत्तक घेतल्यामुळे लेखात ते ‘ऑगस्टसचे पुत्र’ ठरतात. त्यांची जननी ज्यूलिया इ. स. पू. १३ च्या एका डिनेरियसवर याच मुलांच्या मध्ये दिसते. इ. स. पू. २ मध्ये ती हद्दपार झाली आणि त्याच सुमारास मुलांचा हा छाप सुरू झाला. त्यावर मातेची कोणतीच खूण उरली नाही.

सातवाहनांच्या चांदीच्या नाण्यांवरही राजाचे मुख आहे. परंतु त्याभोवतीचा प्राकृत लेख राजाला ‘गोतमिपुत’ अथवा ‘वासिठिपुत’ म्हणतो. मागील बाजूचा लेख द्राविडी वळणाचा असून पुलुमावीच्या नाण्यावर तेथे ‘पुत’ऐवजी ‘मकन’ हा शब्द येतो. भाषा पालटली तरी मातेचा निर्देश कायम राहतो. येथे नाव आहे, आकृती नाही.

यावरून सातवाहनांकडे मातृसत्ता होती, असे अनुमान काढणे युक्त नव्हे. मातृनाम हे राजाच्या ओळखीचे साधन होते, जसे लिव्हियाचे रूप सम्राटाच्या प्रतिष्ठेचे. मात्र पुलुमावीच्या १९ व्या राज्यवर्षातील नाशिकच्या लेण्यातील लेखात गौतमी बलश्री स्वतः दात्री म्हणून उभी राहते आणि पुत्राची प्रशस्ती तिच्या दानलेखाचा भाग बनते. नाण्यावर पुत्राची ओळख मातेवरून होते, तर शिलालेखात पुत्राची कीर्ती मातेच्या दानामुळे टिकते. राजस्त्रीचे स्थान ठरविताना म्हणूनच आकृतीइतकेच त्याभोवतीच्या अक्षरांचेही वाचन अनिवार्य ठरते.