भाकरी-चहाचं हॉटेल : गावातली प्रयोगशाळा



तुमच्या एसटी स्टँडजवळ एखादं छोटं हॉटेल असेलच. चुलीवर काळा तवा, शेजारी परात, बाजूला उकळणारा चहा. पुढच्या वेळी मुलांना तिथे न्या आणि एकच प्रश्न विचारा : ज्वारीचं पीठ गरम पाण्यात का भिजवतात?

गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की ग्लुटेन तयार होतं. ते चिवट असतं, म्हणून पोळी पातळ लाटता येते. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नसतं. गरम पाण्याने त्यांच्या पिठातला स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि पीठ धरून ठेवतो. तरी ताण दिला की चीर पडतेच, म्हणून भाकरी हाताने थापतात. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवतात, तोही चिरा पडू नयेत म्हणून. शेवटी निखाऱ्यावर आतल्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रा टम्म फुगतो.

सातवीच्या वर्गात मी हाच प्रश्न विचारला. सगळे गप्प. मागच्या बाकावरची, कधीच न बोलणारी मुलगी हळूच म्हणाली, "बाई, पिठाला विरी यावी म्हणून. जुन्या पिठाची विरी जाते, मग आई पाणी आणखी कढत घेते." तिची आई अशाच एका हॉटेलात भाकऱ्या थापते, हे तिने वर्गात कुणालाच सांगितलं नव्हतं. मी फळ्यावर 'स्टार्च' लिहिलं आणि शेजारी तिचा शब्द 'विरी'. त्या दिवशी पुढचा तास तिनेच घेतला!

आता चहाकडे वळू. चहाचा तुरटपणा त्यातल्या टॅनिनसारख्या घटकांमुळे येतो. दुधातली प्रथिनं त्यांना धरतात, म्हणून दुधाचा चहा सौम्य लागतो. पण हे घटक भाकरी-पोळीतल्या लोहालाही बांधून ठेवतात आणि ते शरीराला कमी मिळतं. आपली कितीतरी मुलं सकाळी चहा-चपाती खाऊन शाळेत येतात. पालकहो, चपाती जरूर द्या, पण चहाऐवजी भाजी किंवा उसळ द्या आणि वर लिंबू पिळा. लिंबातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं.

आणि शिक्षकहो, प्रश्न विचारल्यावर मागच्या बाकाकडे जरा जास्त वेळ बघा. उत्तर कदाचित तिथेच असेल.